सुशिक्षितांचा नोकरीप्रवेश आणि ओळखींचे जाळे

पदवी वा पदविका हाती आली म्हणजे शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण होतो. परंतु त्या शिक्षणास साजेशी पहिली नोकरी मिळेपर्यंतचा काळ हा बहुतेक तरुणांच्या आयुष्यातील मोठ्या कसोटीचा काळ असतो. अभियंते, परिचारिका, हिशेबनीस, वकील, औषधनिर्माते अशा व्यावसायिक शिक्षण घेतलेल्या तरुणांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. ज्या कामासाठी त्यांनी शिक्षण घेतले ते काम कोठे आहे, ते कोण देतो आणि त्यासाठी कोणाकडे जावे, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते.

एकाच तंत्रनिकेतनातून सारख्याच गुणांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेले दोन तरुण कल्पनेत घ्यावेत. एकाचा मामा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात फोरमन आहे. दुसरा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असून त्याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. कोणता कारखाना नवा विभाग उघडणार आहे, तेथे कोणते यंत्र चालविता येणे आवश्यक आहे, मुलाखतीत काय विचारतात, पगार किती मागावा, या गोष्टी पहिल्याला घरबसल्या समजतात. दुसऱ्याला त्या समजेपर्यंत जागा भरून गेलेली असते. दोघांच्या गुणवत्तेत अंतर नाही. अंतर आहे ते ओळखींच्या जाळ्यात.

या विषयाचा विचार आपल्याकडे बहुधा 'वशिला' या एका शब्दात आटोपला जातो. वशिला वाईट, म्हणून तो बंद झाला पाहिजे, एवढे म्हटले की प्रश्न संपला असे वाटते. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. गेल्या पन्नास वर्षांत देशात आणि परदेशांत या विषयाचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्यावरून काही महत्त्वाच्या गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. ग्रामीण भागातील शिक्षक, पंचायतींचे सदस्य आणि शासकीय अधिकारी यांना त्या उपयुक्त ठरतील.

ओळखीची तीन रूपे

नोकरीच्या संदर्भात ओळख तीन निरनिराळी कामे करते. पहिले काम माहितीचे. जागा रिकामी आहे किंवा होणार आहे, ही वार्ता ओळखीतून पोहोचते. दुसरे काम हमीचे. उमेदवार कष्टाळू आहे, विश्वासू आहे, हे त्याला ओळखणारा मालकाला सांगतो. तिसरे काम मेहेरबानीचे. उमेदवार पात्र असो वा नसो, तो अमक्याचा आहे म्हणून त्याला घ्यावे असे सांगितले जाते. खरा वशिला म्हणतात तो हा.

यांपैकी तिसरे रूप निषेधार्ह आहे याबद्दल दुमत नाही. पहिले रूप मात्र मुळात निर्दोष आहे. त्यातील अन्याय एवढाच की, ही माहिती काहींना आपोआप मिळते आणि काहींना मिळतच नाही. दुसरे रूप या दोहोंच्या मध्ये येते. हमी खरी असेल तर उपयुक्त, खोटी असेल तर तो वशिलाच. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे आपण वशिल्याला नावे ठेवतो, पण माहितीच्या विषम वाटपाकडे आपले लक्ष जात नाही.

न्यूटन शहरातील पाहणी

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा होय. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनजवळ न्यूटन नावाचे शहर आहे. तेथे राहणाऱ्या आणि नजीकच्या काळात नोकरी बदललेल्या २८२ व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : ही नोकरी तुम्हांस कशी मिळाली? या अभ्यासावर आधारलेला त्यांचा गाजलेला लेख १९७३ मध्ये व पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

शंभरापैकी सुमारे ५६ जणांना नोकरी वैयक्तिक ओळखीतून मिळाली होती. जाहिराती, मध्यस्थ संस्था अशा औपचारिक मार्गांनी नोकरी मिळालेले सुमारे १९ होते, आणि स्वतः थेट अर्ज करून नोकरी मिळविणारेही जवळपास तेवढेच होते. जाहिरातींची व भरती संस्थांची मुळीच वाण नसलेल्या देशात उच्चशिक्षितांची ही स्थिती होती. त्यामुळे ओळखीने नोकरी मिळणे हे केवळ मागासलेल्या समाजाचे किंवा अंगमेहनतीच्या कामांचे लक्षण आहे, ही समजूत टिकत नाही.

याहून अनपेक्षित निष्कर्ष पुढचा होता. ज्यांच्या ओळखीतून नोकरी मिळाली ते लोक उमेदवाराचे जिवलग नव्हते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी केवळ १७ टक्क्यांच्या आसपास लोकांची त्या व्यक्तीशी वारंवार, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, भेट होत असे. सुमारे ५६ टक्के लोकांची भेट अधूनमधून, तर सुमारे २८ टक्के लोकांची भेट वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित होत असे. जुना सहकारी, पूर्वीचा वरिष्ठ, शिक्षणकाळातील एखादा परिचित, अशा माणसांकडून नोकरीची वार्ता आली होती.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. आपले आप्त व जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांना ठाऊक असते. दूरचा परिचित मात्र दुसऱ्या वर्तुळात वावरत असल्याने त्याच्याजवळ आपल्याला नसलेली माहिती असते. दोन वर्तुळांना जोडणारा तो पूल ठरतो. ग्रॅनोव्हेटर यांनी या ओळखींना 'दुर्बळ दुवे' म्हटले व त्यांचे बळ दाखवून दिले.

हा निष्कर्ष आजच्या काळातही तपासला गेला आहे. व्यावसायिकांच्या परस्परसंपर्कासाठी असलेल्या लिंक्डइन या संगणकीय व्यासपीठावर २०१५ ते २०१९ या काळात सुमारे दोन कोटी सदस्यांच्या बाबतीत प्रयोग करण्यात आले. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अगदी जवळच्या ओळखींपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी नवी नोकरी मिळण्यास अधिक साहाय्यभूत ठरतात, असे त्यांत आढळले. मात्र ओळख अगदीच नावापुरती असेल तर तिचा उपयोग पुन्हा कमी होतो, हेही दिसून आले.

पहिल्या नोकरीचा पेच

न्यूटनच्या पाहणीतील आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नोकरी मिळवून देणाऱ्या ओळखींपैकी बहुसंख्य ओळखी कामाच्या निमित्ताने झालेल्या होत्या; नातलग व घरगुती स्नेही यांचा वाटा त्या मानाने थोडा होता. म्हणजे जो आधीच व्यवसायात आहे, त्याला ओळखी कामातूनच मिळत जातात. परंतु ज्याने अद्याप व्यवसायात पाऊलच टाकलेले नाही, त्याला या ओळखी कोठून मिळणार? नोकरीवाचून कामाच्या ओळखी नाहीत आणि ओळखींवाचून पहिली नोकरी नाही, असा हा पेच आहे. तो सुटण्यासाठी नवोदिताला आईवडिलांच्या, आप्तांच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या ओळखींवर अवलंबून राहावे लागते. ज्यांच्या घरात शिक्षणाची व नोकरीची परंपरा आहे त्यांना हा आधार सहज मिळतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराला मिळत नाही.

काही व्यवसायांत तर प्रवेशाची पायरीच अशी आहे की तेथे कोणीतरी माणूस लागतो. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यास एखाद्या व्यवसायरत सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार तिचा कालावधी दोन वर्षांचा आहे. वकिलीची सनद मिळाल्यावरही नवोदित वकील बहुधा एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात काम शिकतो. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाला पुण्या-मुंबईत असा ज्येष्ठ शोधणे आणि आरंभीच्या अपुऱ्या मिळकतीत तेथे राहणे, या दोन्ही गोष्टी अवघड जातात. भारतीय वकील परिषदेने नवोदित वकिलांना दरमहा नागरी भागात किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी सूचना २०२४ मध्ये केली, ती याच अडचणीची दखल घेऊन.

मालकाची बाजू

मालक ओळखीने माणसे का घेतात, हेही समजून घेतले पाहिजे. प्रत्येक वेळी त्यामागे पक्षपातच असतो असे नाही. शेकडो अर्ज छाननीस आले असता गुणपत्रिकेवरून माणसाची चिकाटी, प्रामाणिकपणा किंवा सहकाऱ्यांशी जमवून घेण्याची वृत्ती कळत नाही. विश्वासातील कर्मचाऱ्याने कोणाचे नाव सुचविले तर वेळ व खर्च वाचतो, आणि सुचविणाऱ्याची पतही पणास लागलेली असते.

पण ही पत खरोखरच पणास लागते काय? या संदर्भात कोलकात्यात झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. लोरी बीमन व जेरेमी मॅग्रुडर या अर्थशास्त्रज्ञांनी तो केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही लोकांना त्यांच्या ओळखीचा एक उमेदवार कामासाठी आणावयास सांगण्यात आले. काहींना त्याबद्दल ठरावीक रक्कम देऊ केली, तर काहींची रक्कम आणलेल्या उमेदवाराच्या कामगिरीवर अवलंबून ठेवली. ज्यांची रक्कम कामगिरीवर अवलंबून होती त्यांनी नातलगांपेक्षा सहकाऱ्यांना आणण्याकडे अधिक कल दाखविला, आणि त्यांच्यातील जे स्वतः कामात हुशार होते त्यांनी चांगले उमेदवार आणले. शिफारशीचा बरावाईट परिणाम शिफारस करणाऱ्यावर होत असेल, तर शिफारस गुणवत्तेकडे झुकते. तसे नसेल तर ती आप्तांकडे झुकते, असा याचा अर्थ होतो.

दादरच्या शाळा काय सांगतात

महाराष्ट्राला ओळखींच्या जाळ्याचा अनुभव फार जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून माणसे आली ती गावकीच्या, भावकीच्या आधाराने. गिरणीत कामावर घेण्याचे काम जॉबरच्या हाती असे. त्याच्या ओळखीचा, त्याच्या गावचा किंवा जातीचा माणूस आधी कामावर लागे. एकाच गावची माणसे एका खोलीत राहत, एका खानावळीत जेवत, आणि नव्याने आलेल्यास बदली कामगार म्हणून चिकटवून देत. परक्या शहरात या जाळ्याने हजारो कुटुंबांना तारले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु जे जाळे एका पिढीला तारते तेच पुढच्या पिढीला अडकवूनही ठेवू शकते. कैवन मुन्शी व मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातील शाळांत मुले पाठविणाऱ्या मराठी कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्थिक उदारीकरणानंतर मुंबईत कार्यालयीन व व्यावसायिक नोकऱ्यांना महत्त्व आले आणि त्यांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणाचा लाभ वाढला. तरीही ज्या जातींतील पुरुषांचे जाळे परंपरेने कामगारवर्गीय नोकऱ्यांत पसरलेले होते, त्या कुटुंबांतील मुलगे मोठ्या प्रमाणावर जुन्याच वाटेने, मराठी माध्यमातून, पुढे जात राहिले. त्या वाटेवर नोकरीची खात्री होती. त्याच कुटुंबांतील मुलींना असे जाळे पूर्वीपासून नव्हते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत पालकांना कशाचे बंधन नव्हते; मुली इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या.

मातृभाषेतील शिक्षण श्रेष्ठ की कनिष्ठ, हा येथील मुद्दा नाही. कुटुंबे शिक्षणाचा निर्णय घेताना आपल्या ओळखी कोठवर पोहोचतात याचा हिशेब करतात, हा मुद्दा आहे. म्हणजे जाळ्याचा प्रभाव नोकरीच्या वेळी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या दारापासूनच सुरू होतो.

जाळ्याबाहेर राहिलेले

ज्यांना ओळख नाही त्यांनी जाहिरात पाहून अर्ज करावा, असा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे. पण जाहिरातीचे दारही सर्वांसाठी सारखे उघडे असते असे नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला पुढील टप्प्यासाठी बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जदाराचा सुमारे एक-तृतीयांश आढळला. त्याच वर्षी अश्विनी देशपांडे व कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दलित विद्यार्थ्यांना कौटुंबिक ओळखींचा आधार कमी असल्याचे दिसून आले. मुलाखतीत 'घरची पार्श्वभूमी' विचारली जाते, हा त्यांचा अनुभव होता. वडील काय करतात, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने उमेदवाराच्या कर्तबगारीऐवजी त्याचे जाळेच मोजले जाते.

स्त्रियांची अडचण वेगळी आहे. आफ्रिकेतील मलावी या देशात भरतीसंबंधी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उमेदवार सुचविण्याची मोकळीक दिली असता पुरुषांनी मुख्यत्वे पुरुषांनाच सुचविले. पात्र स्त्रिया त्यांच्या ओळखीत नव्हत्या असे नाही. त्यांची नावे आपणहून पुढे आली नाहीत. आपल्याकडेही कामावरच्या गप्पा, चहाची टपरी, संध्याकाळच्या बैठका यांतून ज्या वार्ता फिरतात त्या मुलींपर्यंत क्वचितच पोहोचतात.

शासनाची उपाययोजना व तिच्या मर्यादा

ओळख नसलेल्यास न्याय मिळावा म्हणून सार्वजनिक क्षेत्रात काही भक्कम व्यवस्था उभ्या आहेत. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. लोकसेवा आयोगांच्या स्पर्धा परीक्षा याच तत्त्वावर चालतात. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर आणि २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला, कळविण्याचे बंधन घातले. या विषयाच्या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शासकीय भरतीत केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही, वृत्तपत्रादी माध्यमांतून जाहीर प्रसिद्धीही दिली पाहिजे, असा निर्णय दिला. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाच्या कनिष्ठ स्तरावरील पदांसाठी मुलाखती बंद करण्यात आल्या. राष्ट्रीय करिअर सेवा व राज्याचे महास्वयं संकेतस्थळ यांवर नोकरीच्या जागांची माहिती मिळते.

तथापि १९५९ च्या कायद्याने जागा कळविण्याचे बंधन घातले. कळविलेल्या नावांतूनच माणूस घेण्याचे घातले नाही. संकेतस्थळावर जागा दिसते, परंतु त्या कामाचे स्वरूप, मुलाखतीची तयारी, शहरात राहण्याची सोय या गोष्टी अनुभवी माणसाकडूनच कळतात. म्हणूनच जाहिरातीबरोबर माणसांचा दुवाही जोडून देणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने शिकाऊ उमेदवारीची योजना फार मोलाची आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीच्या पदवी व पदविकाधारकांनाही लागू झाला. या योजनेत तरुणाला विद्यावेतन मिळते, काम शिकता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या कामाच्या ओळखी त्याला घरातून मिळाल्या नसत्या त्या मिळतात. पहिल्या नोकरीचा जो पेच वर सांगितला तो सोडविण्याचा हा सरळ मार्ग आहे. पश्चिम विभागासाठी या प्रशिक्षणाचे मंडळ मुंबई येथे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचाही हेतू प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्याचाच आहे.

गावपातळीवर काय करता येईल

दूरच्या ओळखी गावात नसतात असे नाही. त्यांची नोंद नसते. प्रत्येक गावातून कोणी ना कोणी रुग्णालयात, कारखान्यात, बँकेत, न्यायालयात गेलेले असते. दिवाळीला, जत्रेला ते गावी येतात आणि परत जातात. त्यांच्या अनुभवाचा लाभ फक्त त्यांच्या भावकीला होतो. तो साऱ्या गावाला व्हावा यासाठी पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

माध्यमिक शाळेने व महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी. कोण कोणत्या व्यवसायात, कोणत्या शहरात आहे आणि मार्गदर्शन करण्यास तयार आहे काय, एवढी माहिती त्यांच्या संमतीने लिहून घ्यावी. वर्षातून एकदा, शक्यतो सुटीच्या दिवसांत, अशा माजी विद्यार्थ्यांची व शेवटच्या वर्गातील मुलामुलींची भेट घडवून आणावी. भाषणांपेक्षा प्रश्नोत्तरांना अधिक वेळ द्यावा. नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थिनींना आवर्जून बोलवावे. त्या आल्या तर मुलींना विचारण्यास संकोच वाटत नाही.

ग्रामपंचायतीने फलकावर भरतीच्या, शिकाऊ उमेदवारीच्या व प्रशिक्षणाच्या सूचना, अर्जाच्या शेवटच्या तारखेसह, नियमितपणे लावाव्यात आणि ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. सदस्याच्या कानी आलेली वार्ता त्याच्या पुतण्यापुरती राहू नये, फलकावर यावी. वस्ती, वाडा, तांडा येथपर्यंत ती पोहोचते की नाही हेही पाहावे.

शिक्षकांना विद्यार्थ्यांबद्दल शिफारसपत्रे द्यावी लागतात. ती ठरीव मजकुराची नसावीत. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय केले, कोणते काम त्याला चांगले येते, हे नेमके व खरे लिहावे. अशा पत्रांवर हळूहळू विश्वास बसतो, आणि मग ज्याच्यामागे कोणी नाही अशा विद्यार्थ्यामागे शिक्षकाचा शब्द उभा राहतो. अपरिचितास पत्र कसे लिहावे, दूरध्वनीवर चौकशी कशी करावी, हेही विद्यार्थ्यांस शिकविले पाहिजे. चौकशी करणे म्हणजे वशिला लावणे नव्हे, हे अनेक भिडस्त मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

अधिकाऱ्यांवरील जबाबदारी दुहेरी आहे. शासकीय भरतीत चिठ्ठी स्वीकारू नये आणि देऊही नये, हा तिचा एक भाग. खासगी आस्थापनांशी होणाऱ्या नित्याच्या संपर्कातून जी माहिती मिळते ती जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे व शिक्षणसंस्थांकडे पोहोचविणे, हा दुसरा. आणि या सर्व कामात कोणीही उमेदवाराकडून पैसे घेत नाही ना, याकडे सर्वांनीच लक्ष ठेवले पाहिजे. नोकरी लावून देतो असे सांगून फसविणारे लोक ओळखीचेच सोंग घेऊन येतात.

माणसांच्या ओळखी कायद्याने सारख्या वाटून देता येणार नाहीत, आणि त्या पुसून टाकणेही इष्ट नाही. परंतु ओळखीतून जी माहिती वाहते ती सार्वजनिक करणे आपल्या हाती आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला कारखान्यात मामा नसेल. पण त्याच्या शाळेची नोंदवही, त्याच्या गावाचा फलक आणि त्याच्या शिक्षकाचे खरे शब्द त्याच्यापाशी असतील, तर तो त्या कारखान्याच्या दाराशी जागा भरण्यापूर्वी पोहोचू शकेल. त्यापुढची वाट त्याने आपल्या गुणांवर चालावयाची आहे.